ऑफर लेटर विकत घेऊ नका

‘कॅनडातल्या कंपनीचं ऑफर लेटर काढून देतो, पीआर (कायमचं वास्तव्य) पक्का समजा,’ असं सांगणारे एजंट पुण्या-नाशिकपासून कोल्हापूरपर्यंत अजूनही भेटतात. त्यामुळे वाचक वारंवार विचारतात, नोकरीची ऑफर असली तर अर्जाला बळ मिळतं का? कुशल कामगारांच्या ‘एक्स्प्रेस एन्ट्री’पुरतं उत्तर स्पष्ट आहे. २५ मार्च २०२५ पासून क्रमवारीत ऑफरला एकही गुण मिळत नाही.

एजंटांचं बोलणं जुन्या हिशेबावर चालतं. जानेवारी २०१५ मध्ये एक्स्प्रेस एन्ट्री सुरू झाली, तेव्हा १,२०० पैकी ६०० गुण एकट्या ऑफरला होते. ती मिळाली की निवड झाल्यातच जमा. नोव्हेंबर २०१६ मध्ये ते ५० वर आले, फक्त वरिष्ठ व्यवस्थापनातल्या पदांना २०० राहिले. तरी कट-ऑफला थोडक्यात अडलेल्या माणसाला ५० गुणही खूप वाटायचे, आणि तिथेच बाजार उभा राहिला. ऑफर ग्राह्य धरायची तर बहुतेक वेळा मालकाला सरकारकडून ‘एलएमआयए’ काढावा लागतो. या जागेसाठी स्थानिक माणूस मिळत नाही, हे मान्य करणारा तो कागद. त्याची फी एक हजार कॅनडियन डॉलर. ती मालकानेच भरायची, कामगाराकडून वसूल करायला बंदी आहे. प्रत्यक्षात हाच कागद फीच्या कित्येक पट किमतीला विकला जाऊ लागला. तेव्हाचे इमिग्रेशन मंत्री मार्क मिलर यांनी डिसेंबर २०२४ मध्ये हे गुण काढण्याची घोषणा केली, ती हा गैरव्यवहार थांबवण्यासाठीच.

निर्णय मला पटतो, पण त्याची झळ चुकीच्या माणसांनाही बसली. ज्यांच्या मालकाने रीतसर कागद केले, जे तिथे खरोखर राबत होते, अशांचेही ५० गुण गेले. लबाड मालक हुडकून काढणं सरकारचं काम होतं. ते पुरेसं झालं नाही, म्हणून प्रामाणिकांनी किंमत मोजली.

खऱ्या नोकरीचं महत्त्व मात्र संपलेलं नाही. एक्स्प्रेस एन्ट्रीतल्या ‘फेडरल स्किल्ड वर्कर’ योजनेच्या पात्रतेसाठी वेगळ्या मोजणीत १०० पैकी ६७ गुण लागतात, त्यात ग्राह्य ऑफरला आजही १० आणि वर आणखी ५ मिळतात. वेल्डर, इलेक्ट्रिशियन, प्लंबर यांच्या योजनेत ऑफर किंवा तिथल्या प्रांताचं कौशल्य प्रमाणपत्र, यांपैकी एक हवंच. अटलांटिक किनाऱ्यावरच्या चार प्रांतांच्या योजनेत ऑफरशिवाय पुढे जाता येत नाही. इतर प्रांतांच्याही अनेक योजनांचा पाया तोच असतो, आणि एक्स्प्रेस एन्ट्रीशी जोडलेल्या योजनेत प्रांताने नामांकन दिलं तर क्रमवारीत ६०० गुण मिळतात. म्हणजे मालक खरा असेल आणि काम खरं असेल, तर जरूर पुढे जा.

बाकीच्यांनी एक हिशेब कागदावर मांडून पाहावा. अविवाहित उमेदवार, मास्टर्स पदवी, भारतात तीन वर्षांचा अनुभव. इंग्रजीच्या आयईएल्टीएस परीक्षेत ऐकण्यात साडेसात आणि वाचन, लेखन, बोलणं यांत साडेसहा असतील, तर प्रत्येक विभागाचे २३ गुण होतात. चारही ठिकाणी फक्त अर्धा बँड वाढवला की प्रत्येकी ३१. झाले ३२ जास्त. शिवाय पदवी आणि चांगली भाषा यांच्या जोडीचे गुण २५ वरून ५० होतात, अनुभव आणि भाषा यांच्या जोडीचेही तसेच. एकूण वाढ ८२ गुणांची! ऑफर जेव्हा चालत होती, तेव्हाही बहुतेकांना तिचे ५० च मिळत होते. शिकवणी आणि फेरपरीक्षेचा खर्च एजंटच्या मागणीपुढे किरकोळ आहे. फ्रेंच शिकायची तयारी असेल तर आणखी चांगलं, कारण फ्रेंच येणाऱ्यांसाठी वेगळे ड्रॉ (निवडीच्या फेऱ्या) निघतात आणि त्यांचा कट-ऑफ बराच खाली असतो. मात्र ऑफरची वाट पाहत वर्षं घालवू नका. तिशीपासून चाळिशीपर्यंत दर वाढदिवसाला पाच-सहा गुण कमी होत जातात.

बनावट ऑफर पकडली गेली तर खोटी माहिती दिल्याबद्दल पाच वर्षं कॅनडाचा दरवाजा बंद होतो. कागद एजंटने बनवला असला, तरी अर्ज तुमच्या नावावर असतो.

तेव्हा पैसे देण्याआधी तपासा. परदेशी नोकरीसाठी भरती करणारा एजंट भारत सरकारकडे नोंदलेला असावा लागतो. ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर त्याचं नाव शोधा. अशा एजंटला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. कॅनडाच्या इमिग्रेशनचा पैसे घेऊन सल्ला देणारा सल्लागार असेल, तर त्याचा परवाना क्रमांक मागा आणि सल्लागारांचं नियमन करणाऱ्या तिथल्या ‘कॉलेज’ या संस्थेच्या यादीत पडताळा. नाव सापडलं नाही किंवा एलएमआयएचे पैसे तुमच्याकडे मागितले, तर तिथूनच परत फिरा.