जुनी विद्युत मोटार : किंमत गाडीची की उरलेल्या हमीची?

व्यापारी घराण्यांत जुनी गाडी घेणे कधी कमीपणाचे मानले गेले नाही. पहिल्या काही वर्षांचा मोठा घसारा दुसऱ्याने सोसावा आणि उरलेली सेवा आपण रास्त किमतीत घ्यावी, हा विचार हिशेबाला धरूनच आहे. पेट्रोल वा डिझेल गाडीच्या बाबतीत तो सोपाही होता. ओळखीचा मिस्त्री इंजिनाचा आवाज ऐकून, धुराचा रंग पाहून गाडीची प्रकृती सांगत असे. विद्युत मोटारीला मात्र आवाज नाही आणि धूरही नाही. तिच्यातील सर्वांत महाग वस्तू, म्हणजे बॅटरी, तळाशी सीलबंद पेटीत असते. बाहेरचा रंग कितीही चकचकीत असला तरी त्यावरून तिची अवस्था कळत नाही.

बँकेत तारण तपासताना आम्ही केवळ आजचे मूल्य पाहत नसू. कर्ज फिटेपर्यंत त्यातले किती शिल्लक राहील, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा असे. जुन्या विद्युत मोटारीलाही हीच कसोटी लावावी. आपण गाडीसोबत तिच्या बॅटरीचे उरलेले आयुष्य आणि त्यावरील उरलेली हमी विकत घेत असतो.

एक उदाहरण घेऊ. टाटा नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली. ३०.२ किलोवॉट-तासांच्या तिच्या बॅटरीला ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंतची हमी होती. मार्च २०२१ मधील अशी गाडी फार तर मार्च २०२९ पर्यंत हमीत राहील. त्यानंतर बॅटरी निकामी झाली तर काही लाखांचा भार सर्वस्वी आपल्यावर. काही नव्या गाड्यांवर ‘आजीवन हमी’ अशी जाहिरात असते. तिच्या अटी बारकाईने वाचाव्यात. एमजी विंडसरवरील आजीवन हमी पहिल्या मालकापुरती आहे. गाडी दुसऱ्या हाती गेली की ती ८ वर्षे वा १,६०,००० किलोमीटर एवढीच राहते. म्हणून हमी आपल्या नावावर येते का, कोणत्या अटींवर येते आणि क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यास बॅटरी बदलून मिळते, हे अधिकृत सेवा केंद्राकडून लेखी घ्यावे.

बॅटरीच्या प्रकृतीचा अहवालही तेथूनच घ्यावा आणि त्याची पडताळणी स्वतः करावी. रामटेकहून नागपूरला जाऊन परत येणे म्हणजे सुमारे १०० किलोमीटर. गाडी पूर्ण चार्ज करून, वातानुकूलन चालू ठेवून, नेहमीच्या वेगाने हा फेरा करावा. ५० टक्के चार्ज खर्च झाला तर गाडीचा पल्ला २०० किलोमीटर. ६० टक्के झाला तर सुमारे १६५. जाहिरातीतील आकडा विसरून हाच आकडा धरावा. उष्णतेने लिथियम बॅटरीची झीज लवकर होते आणि आपल्या विदर्भातील उन्हाळा पंचेचाळीस अंशांना टेकतो. त्यामुळे गाडी सावलीत उभी राहत होती की उघड्यावर, आणि नेहमी जलद चार्जरवर चार्ज होत होती का, हे विक्रेत्याला अवश्य विचारावे.

दुसरी जोखीम चार्जिंगची. तिचा धडा आपल्या जिल्ह्यानेच देशाला दिला आहे. २६ मे २०१७ रोजी नागपुरात ओला आणि महिंद्र यांनी मोठ्या समारंभाने विद्युत टॅक्सींचा प्रकल्प सुरू केला. एकूण २०० वाहनांची योजना होती. वर्षही उलटले नव्हते, तोच अनेक चालकांनी चार्जिंग केंद्रावरील लांब रांगा आणि वाढता खर्च यांबद्दल तक्रारी केल्या. काहींना तर पुन्हा डिझेल गाडी हवी होती. आज केंद्रे वाढली आहेत, तरी मूळ प्रश्न तोच आहे : रात्री गाडी आपल्या हद्दीत उभी करून चार्ज करता येते का? खाली दुकान, वर घर आणि गाडी गल्लीत, अशी ज्यांची रचना आहे, त्यांनी प्रथम जागा, मंजूर वीजभार आणि योग्य अर्थिंग यांची सोय पाहावी, मगच गाडी पाहावी.

आता बचतीचा हिशेब. पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि गाडी लिटरला १५ किलोमीटर धरली, तर किलोमीटरला ७ रुपये पडतात. घरची वीज १२ रुपये युनिट आणि युनिटला ६ किलोमीटर धरले, तर २ रुपये. बचत किलोमीटरला ५ रुपये. समजा, तेवढ्याच वयाच्या पेट्रोल गाडीपेक्षा विद्युत मोटार दोन लाखांनी महाग मिळते आहे. वर्षाला २०,००० किलोमीटर फिरणाऱ्याचे हे दोन लाख दोन वर्षांत वसूल होतील, हमी शिल्लक असतानाच. ५,००० किलोमीटर फिरणाऱ्याला आठ वर्षे लागतील. तोवर हमी केव्हाच संपलेली असेल. कमी फिरणाऱ्याने ‘स्वस्त धावते’ म्हणून ही गाडी घेणे म्हणजे व्याज बुडवून बचत मिरवणे होय.

तिसरी जोखीम कागदपत्रांची. एप्रिल २०२५ मध्ये सेबीच्या आदेशानंतर ब्लूस्मार्ट या विद्युत टॅक्सी सेवेचे काम थांबले. तिला गाड्या पुरवणाऱ्या जेनसोल कंपनीने ६,४०० गाड्यांसाठी कर्ज घेतले होते; प्रत्यक्षात ४,७०४ घेतल्याचे सेबीच्या आदेशात नमूद आहे. गाडी रस्त्यावर एकाच्या ताब्यात आणि तिच्यावरील हक्क दुसऱ्याचा, ही स्थिती नवी नाही. खरेदीपूर्वी नोंदणी पुस्तकावरील बोजा उतरला आहे का, ते पाहावे. हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरे असतील तर ती व्यावसायिक गाडी. खासगी गाडीची अक्षरे पांढरी असतात. पाटी बदलता येते, म्हणून नोंदणीचा पूर्वेतिहासही तपासावा. सप्टेंबर २०२४ मध्ये विंडसरबरोबर बॅटरी भाड्याने देण्याची पद्धत आली. अशी गाडी घेताना भाड्याचा करार आपल्या गळ्यात पडतो का, हे आधीच ठरवून घ्यावे.

कराचा मुद्दा पेढ्यांनी विशेष लक्षात घ्यावा. नव्या विद्युत मोटारीवर वस्तू व सेवा कर ५ टक्के आहे. जुनी गाडी नोंदणीकृत विक्रेत्याने विकल्यास १८ टक्के, पण तो केवळ त्याच्या नफ्याच्या रकमेवर. जुन्या विद्युत मोटारींवरील हा दर डिसेंबर २०२४ च्या जैसलमेर येथील परिषदेच्या शिफारशीनुसार १२ वरून १८ टक्के झाला. पेढीने घसारा घेतलेली गाडी ४ लाखांच्या पुस्तकी मूल्यावर असताना ५ लाखांना विकली, तर फरकाच्या १ लाखावर १८,००० रुपये कर येतो. नोंदणी नसलेल्या व्यक्तीने आपली खासगी गाडी विकल्यास हा कर नाही.

व्यवहार झाल्यावर ३० दिवसांच्या आत हस्तांतरणाचा अर्ज करावा. रामटेकच्या गाड्यांसाठी तो एमएच-४० म्हणजे नागपूर ग्रामीण परिवहन कार्यालयात. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा. विक्रेत्याची दावा-नसल्याची सवलत आपल्याला मिळत नाही, हे विम्याचा हप्ता मोजताना ध्यानात असावे.

सारांश असा : घरी चार्जिंगची सोय, वर्षाला किमान बारा-पंधरा हजार किलोमीटरचा वापर, निदान तीन वर्षांची हस्तांतरणीय हमी आणि निर्वेध कागदपत्रे, या चारही गोष्टी जुळत असतील तर जुनी विद्युत मोटार निःशंकपणे घ्यावी. पहिल्या तीन जुळून कागदपत्र अडत असेल, तर विक्रेत्याने ते पूर्ण करेपर्यंत बयाणा देऊ नये. हमी वा सोय नसेल, तर किंमत कितीही उतरवून मिळाली तरी हात आखडता घ्यावा. कारण उद्या तीच गाडी विकायला काढाल, तेव्हा तिचा खरेदीदारही हेच चार प्रश्न विचारणार आहे.