थकबाकीचे वाचन

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी, लालबागच्या घरी जेवण आटोपून मी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुढे घेऊन बसलो होतो. तेवढ्यात फोन आला. पलीकडच्या तरुणाने माझ्या वडिलांचे पूर्ण नाव घेतले आणि "बोलताय का?" असे विचारले. वडील जाऊन अकरा वर्षे झाली. तसे सांगितल्यावर तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, "सॉरी सर. पण त्यांच्या नावावर पोस्टपेडचं बिल पेंडिंग आहे. दोन हजार तीनशे चाळीस. आज भरलंत तर नऊशेत सेटल करून देतो."

हे बिल २००९ सालचे होते. वडील गिरणीतून निवृत्त झाल्यानंतर मीच त्यांना तो मोबाइल घेऊन दिला होता आणि बंदही मीच केला होता. तरीही पहिली प्रतिक्रिया नऊशे रुपये भरून मोकळे व्हावे अशीच झाली. आमच्यासारख्या घरांत उधारीची लाज उधारीपेक्षा मोठी असते, आणि वसुलीचा सगळा धंदा या लाजेवर चालतो.

वडिलांनी कागद कधी टाकला नाही. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भाडेपावत्या, सत्तरच्या दशकातली विजेची बिले, पगाराच्या चिठ्ठ्या, सगळे घडी घालून ठेवलेले आहे. त्यात मोबाइलच्या शेवटच्या भरण्याची पावतीही सापडली. ती पूर्ण कोरी होती. ज्या कागदावर अक्षरे उष्णतेने उमटतात, त्यावरची ती काही वर्षांत उडून जातात. १९७४ चे शाईतले बिल आजही वाचता येते आणि २००९ ची पावती येत नाही. कंपनीची बाकी मात्र संगणकात शाबूत राहते. देणेकऱ्याचा पुरावा विरतो आणि घेणेकऱ्याचा टिकतो, अशी ही व्यवस्था आहे. ती कुणी मुद्दाम रचली असेल असे मी म्हणत नाही. पण तिचा फायदा कुणाला होतो हे उघड आहे.

मी बिलाची प्रत मागितली. प्रत आली नाही, एक नोटीस आली. आपण विद्यार्थ्यांना संहितेचे वाचन शिकवतो. त्याच सवयीने ती वाचली. शीर्षक होते 'अंतिम सूचना'. पहिली सूचना कधी आली होती, याचा उल्लेख नव्हता. सगळी वाक्ये कर्मणी : कळविण्यात येते, कारवाई केली जाईल, नोंद घेण्यात यावी. कोण कळवतो, कोण कारवाई करणार, याचा पत्ता नाही. रक्कम पैशांपर्यंत अचूक होती, पण ती कोणत्या महिन्यांची, ते नव्हते. कर्ता नसलेली आणि काळ नसलेली ही संहिता वाचकावर फक्त एक भावना सोडते : भीती. शेवटी लोकअदालतीत हजर राहण्याचा मजकूर होता. राष्ट्रीय लोकअदालतीत दोन्ही पक्षांच्या संमतीनेच तडजोड होते, हे मात्र त्यात नव्हते.

'थकबाकी' हा शब्दच पाहावा. बाकी थकते, म्हणजे ती चालून चालून दमते, असे आपली भाषा म्हणते. जुन्या व्यवहारात धनकोही दमत असे. तगादा लावणारा दारात धरणे धरून बसायचा आणि उपाशी राहायचा; त्याच्या उपवासाचा भार ऋणकोवर पडायचा. ही रीत इतकी रूढ होती की १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या ५०८ व्या कलमाला दारात धरणे धरण्याचेच उदाहरण जोडलेले होते. ती रीत क्रूर होती, तिचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. पण तिच्यात मागणाऱ्याला चेहरा होता. आमच्या चाळीखालच्या वाण्याच्या वहीलाही तो होता. ८२ च्या संपात त्याने आमचे नाव कित्येक महिने वहीत चढवले, आणि पुढे वडिलांनी ते थोडेथोडे करून उतरवले. ती वही दोघांनाही वाचता येत होती. महिनाअखेर दोघे मिळून रुजवात घालायचे.

देणे जुने झाले की ते संपावे का, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. १८५९ च्या कायद्याने साध्या कर्जखताच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत घातली. हेतू कुळांना दिलासा देण्याचा. सावकारांनी त्यावर सोपा उपाय काढला : तिसरे वर्ष सरण्याआधी व्याज मुदलात मिळवून नव्या खतावर अंगठा घ्यायचा. बाकी म्हातारी होऊच द्यायची नाही. १२ मे १८७५ रोजी सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची घरे गाठली, तेव्हा त्यांचा मुख्य रोख खतांवर होता. त्यांनी कागद जाळले. १८७९ च्या कायद्याने मग ही मुदत उलट वाढवून दिली, कारण आखूड मुदत कुळालाच जाचते हे तोवर कळले होते.

आजच्या १९६३ च्या मुदत कायद्यातही अशा बाकीसाठी दावा लावण्याची मर्यादा साधारणतः तीन वर्षांचीच आहे. मुदतीच्या आत लेखी कबुली दिली तर ती नव्याने सुरू होते. मुदत उलटून गेल्यावरही कुणी लेखी वचन देऊन बसला, तर करार कायद्याच्या २५ व्या कलमाने ते त्याला बांधते. त्यामुळे नऊशे रुपयांच्या त्या 'सेटलमेंट'खाली 'मान्य आहे' असे लिहून पाठवणे म्हणजे नव्या खतावर अंगठा देणेच होय. मृताच्या वारसावरही जबाबदारी येते ती त्याला मिळालेल्या मालमत्तेपुरती. फोनवरच्या त्या मुलाला हे कुणी सांगितलेले नसावे, किंवा सांगू नकोस असे सांगितलेले असावे.

विजेच्या बिलाचे गणित थोडे निराळे आहे. २००३ च्या कायद्याचे ५६(२) कलम दोन वर्षांनंतर वसुलीला आडकाठी करते, पण ती रक्कम बिलांत 'सातत्याने' थकबाकी म्हणून दाखवली जात असेल तर नाही. पुन्हा तेच नूतनीकरण, फक्त अंगठ्याची जागा छपाईयंत्राने घेतली. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले की चुकून राहिलेली रक्कम नंतर बिलात आली, तर ती बिल आल्यावरच देय होते. दोन वर्षांनंतर तिच्यासाठी वीज तोडता येत नाही, पण वसुलीचे अन्य मार्ग खुले राहतात. परळ-गिरगावात जुनी खोली विकत घेणाऱ्यांनी २०२३ चा निकालही ध्यानात ठेवावा : नियमांत तशी तरतूद असेल तर आधीच्या मालकाची बाकी नव्या मालकाकडून मागता येते.

'मुदतबाह्य' म्हणजे बुडालेले नव्हे; देणे उरते, फक्त दावा करण्याचा मार्ग बंद होतो. हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने ज्या प्रसिद्ध खटल्यात मांडले, तो खटला आमच्याच परिसराचा आहे : बॉम्बे डाइंग विरुद्ध मुंबई राज्य, १९५७. कामगारांना मुदतीत न दिले गेलेले वेतन कामगार कल्याण मंडळाकडे जमा करावे, असा १९५३ चा कायदा होता. कंपनीने त्याला आव्हान दिले. न्यायालय म्हणाले, कामगारांचे येणे नष्ट झालेले नाही, पण वसूल न होऊ शकणारे येणे असे मंडळाच्या हाती देणे घटनेत बसत नाही. तरतूद रद्द झाली. पुढे गुजरातने कायद्यात दुरुस्ती केली आणि १९७४ मध्ये अंबिका मिल्सच्या खटल्यात ती टिकली, हेही सांगितले पाहिजे. तरी जो कामगार मधल्या काळात गावी गेला किंवा वारला, त्याच्या न नेलेल्या पगारासाठी कोणी कधी रविवारी दुपारी गिरणीच्या मालकाला फोन केला नसणार.

देणे असेल तर द्यावे, यात मला शंका नाही. वाण्याचे देणे फेडताना वडिलांनी एकदाही मुदत मोजली नव्हती. माझी तक्रार वेगळी आहे. मागणाऱ्याने आधी कागद दाखवावा, एवढी साधी अट मोठ्याकडून छोट्याकडे जाताना गळून पडते. कर्जवसुलीच्या दलालांना रिझर्व्ह बँकेने घातलेले नियम, रात्री सातनंतर फोन करू नये वगैरे, बँका आणि वित्तसंस्थांसाठी आहेत. टेलिफोनचे बिल त्यात मोडत नाही. आणि आपण भाषेचे शिक्षक अलंकार ओळखायला शिकवतो, नोटीस वाचायला शिकवत नाही. माझ्या वर्गातली अर्धी मुले घरची पहिली पदवीधर असतात. अशी नोटीस घरी आली की वडील ती त्यांच्याच हातात देतात.

मी मराठीत पत्र लिहिले. तीनच गोष्टी विचारल्या : मूळ बिल कुठे आहे, ते कोणत्या महिन्यांचे, आणि वसुलीचा अधिकार तुम्हांला कोणत्या लेखाने मिळाला. त्या मुलाचा एकदा फोन आला, आवाज खाली आणून म्हणाला, "सर, बिल आमच्याकडे पण नाहीये. आम्हाला फक्त यादी देतात." पत्राला उत्तर आलेले नाही. पुढच्या रविवारी पुन्हा फोन वाजला. या वेळी कुणी मुलगी होती. तिने वडिलांचे पूर्ण नाव घेतले आणि विचारले, "बोलताय का?"