जागा करा, पण फॉन्ट राहू द्या

कार्यालयातील जुना संगणक भरला आहे, साफसफाई हवीच. स्नेहसंमेलनाचे व्हिडिओ बाहेरच्या हार्ड डिस्कवर हलवावेत, एकाच फोटोच्या चार-चार प्रती पुसाव्यात. रीसायकल बिनही रिकामा करावा, नाहीतर पुसलेल्याची जागा सुटतच नाही. पण ‘जुने मराठी फॉन्टही उडवा’ ही सूचना आम्हांस मुळीच मान्य नाही. एक फॉन्ट साध्या फोटोहून लहान. त्याने जागा ती किती होणार? उलट युनिकोडपूर्वी टाइप केलेल्या गणेशोत्सवाच्या नाटुकल्या त्याविना रोमन अक्षरांची खिचडी दिसतील. इंदूरात त्या पुन्हा कोण टाइप करणार? विश्वस्तांनी नवा संगणक जरूर घ्यावा. तोवर या फायली युनिकोडमध्ये बदलण्यासाठी कोणी पालक दोन रविवार देतील काय?