फेरीवाले, दुकानदार व नगरपालिका
पदपथावर पाटी मांडून बसणारा विक्रेता कायद्याच्या दृष्टीनें गुन्हेगार नव्हे. १९८९ सालीं सोदनसिंग खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, रस्त्यावर व्यापार करणें हा घटनेच्या १९ व्या कलमांतील व्यवसायस्वातंत्र्याचाच भाग आहे. मात्र त्यास वाजवी निर्बंध लागू आहेत. २०१४ सालीं संसदेनें कायदाहि केला. त्यान्वयें आधीं सर्व विक्रेत्यांची मोजणी करून प्रमाणपत्रें द्यावयाचीं व तोंपर्यंत कोणासहि उठवावयाचें नाहीं. नगर पथविक्रेता समितींत निदान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनीं निवडलेले असावयाचे.

आमच्या दुकानदार बंधूंची तक्रार अशी कीं, भाडें व कर आम्हीं भरावे आणि गिऱ्हाईक मात्र दाराबाहेरच अडावें. ही तक्रार खोटी नाहीं. पण तिचा रोख चुकतो. बिनपरवाना बसणाराहि बहुधा फुकट बसत नाहीं. त्याची चिरीमिरी नगरपालिकेच्या तिजोरींत पोंचत नाहीं, इतकेंच. जागा नेमून देऊन उघड शुल्क घेतल्यास नगरपालिकेस उत्पन्न व पादचाऱ्यास आणि दुकानदारास मोकळी वाट मिळेल. गाडी पाठवून पाट्या उचलणें सोपें आहे. परंतु पोट उचलून नेतां येत नाहीं, म्हणून विक्रेता दुसऱ्या दिवशीं तेथेंच बसतो. कायदा झालेला आहे. तो आधीं नगरपालिकांनीं पाळावा, एवढेंच आमचें मागणें आहे.