दोन लहान शब्दांची जोडी

आम्ही इतिहासाचे शिक्षक. तरीही वसतिगृहाच्या सायंकालीन अभ्यासिकेत मुले इंग्रजीची वही घेऊन आमच्याकडे येतात. नववीतील एका मुलीने ‘लुक डाऊन ऑन’ याचा अर्थ ‘उंचावरून खाली पाहणे’ असा लिहिला होता. तिन्ही शब्द तिला ठाऊक होते. ‘तुच्छ लेखणे’ हा अर्थ मात्र हाती लागला नव्हता. जो अनुभव तिच्या आजा-पणजांनी जन्मभर भोगला, त्याचे साधे इंग्रजी नाव तिला अनोळखी असावे, हे आम्हांस बोचले.

इंग्रजीतील अप, डाऊन, आऊट, अवे ही चिमुकली क्रियाविशेषणे टू, ऑन, ऑफ, विथ यांसारख्या शब्दयोगी अव्ययांशी जोडी जमवितात. काही जोड्या सरळ असतात. ‘आऊट ऑफ द रूम’ म्हणजे खोलीतून बाहेर. आपल्याकडेही ‘तून’ आणि ‘बाहेर’ अशी जोडीच आहे, क्रम तेवढा उलटा. क्रियापद सोबतीस आले की मात्र अर्थ पार बदलतो. ‘पुट अप विथ’ म्हणजे सोसणे. सुट्या शब्दांत सोसण्याचा मागमूसही नाही. ‘स्टँड अप फॉर’ म्हणजे एखाद्याच्या बाजूने उभे राहणे, तर ‘स्टँड अप टू’ म्हणजे त्याच्यापुढे न झुकता उभे ठाकणे. एक टीचभर अव्यय बदलले की पक्षच बदलतो!

आमची मुले ‘टॉलरेट’, ‘डिस्पाइज’ असे भारदस्त शब्द पाठ करतात. उत्तरपत्रिकेत ते शोभतात. पण समोरचा माणूस बोलताना या जोड्याच वापरतो आणि मुलाखतीत आमचा हुशार मुलगा गोंधळतो. काही सहकारी म्हणतात, आधी व्याकरण पक्के होऊ द्या, हे कानावर पडून आपोआप येईल. ज्या घरात इंग्रजी कानावर पडते तेथे येईलही. आमच्या मुलांच्या कानावर ती पडणार कोठे?

म्हणून या जोड्या सुट्या न करता, अख्ख्या वाक्यात आणि मोठ्याने म्हणवून शिकवाव्यात, असे आमचे मत आहे. ‘लुक अप टू’ म्हणजे आदराने पाहणे. त्यात जोर ‘अप’वर, ‘टू’ हलकेच. हे फळ्यावर लिहून कळत नाही. त्यासाठी बोलणारे माणूस हवे. नोकरीनिमित्त दिवसभर इंग्रजीत बोलणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी महिन्यातील एखादा रविवार आम्हांस द्यावा. अभ्यासिका सायंकाळी 6 वाजता सुरू होते.