वंशावळीतली कोरी जागा

आमच्या बमरोलीत लूमचा खडखडाट रात्रीही थांबत नाही. आमच्या गल्लीतली बहुतेक घरे खानदेशातून पोटासाठी आलेली. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या मुलाला जातीच्या दाखल्यासाठी पणजोबांची लेखी नोंद हवी होती. बापलेक दोनदा गावी जाऊन आले. जुन्या कागदांत नाव सापडले नाही. “आम्ही कोण, ते आम्हांला ठाऊक आहे, कागदाला ठाऊक नाही,” असे तो बाप ओट्यावर बसून म्हणाला. त्या रात्री मी बायबलातले एज्राचे पुस्तक उघडले.

बायबल वाचणारे पुष्कळ लोक वंशावळी गाळतात. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकाचे आरंभीचे ९ अध्याय म्हणजे बहुतेक नुसती नावे. तीही मी वर्षानुवर्षे गाळली, हे कबूल करतो. परंतु एज्राच्या दुसऱ्या अध्यायातली यादी बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्यांची आहे, आणि तिच्यात एक कोरी जागा आहे. ६५२ माणसांना आपले घराणे इस्राएलाचे आहे हे दाखविता आले नाही. काही याजकांनीही आपली नोंद शोधली, ती मिळाली नाही, व ते याजकपणातून वगळले गेले. निकाल मात्र कायमचा नव्हता. उरीम व थुम्मीम बाळगणारा याजक उभा राहीपर्यंत परमपवित्र अन्न खाऊ नये, एवढेच अधिपतीने सांगितले. त्या ६५२ जणांचा आकडाही यादीतून खोडला गेला नाही.

असे का, याचे उत्तर मला उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात दिसते. करार होताना अब्राहामाला गाढ झोप लागली होती. कापलेल्या पशूंच्या मधून धुमसती भट्टी आणि पेटती मशाल गेली, अब्राहाम गेलाच नाही. वचन एकट्या देवाने स्वतःवर घेतले. म्हणूनच मवाबी रूथ, जिच्या लोकांना मंडळीत मज्जाव होता, दावीद राजाची पणजी होऊ शकली, आणि रूथच्या पुस्तकाचा शेवट वंशावळीनेच झाला.

एज्राच्या त्या प्रसंगासारखाच प्रसंग आपल्या मराठी माणसांवरही आला. कोकणातल्या बेने इस्राएलांची परंपरा सांगते की, अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले, ७ पुरुष व ७ स्त्रिया वाचल्या, ग्रंथ समुद्रात गेले. वंशावळीची वही उरली नाही. पण मुलाची सुंता आठव्या दिवशी होत राहिली, शेमाची प्रार्थना तोंडी टिकली, आणि शनिवारी तेलाचा घाणा बंद राहिला. गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. आडनावेही गावांचीच: रोहेकर, पेणकर, दिवेकर, किहीमकर.

१९४८ नंतर त्यांपैकी हजारो जण इस्राएलला गेले. १९६२ साली तिथल्या मुख्य रब्बींच्या मंडळाने आदेश काढला की, बेने इस्राएलांच्या विवाहापूर्वी त्यांचे पूर्वज शक्य तितक्या मागे तपासावेत. रब्बींची शंका अगदीच निराधार होती असे मी म्हणणार नाही. विवाह व घटस्फोट यांचे धर्मनियम मधल्या शतकांत कसे पाळले गेले, याची खात्री त्यांना हवी होती. पण आजीच्या आजीचा कागद कोकणातल्या खेड्यातून कोण आणणार? १९६४ च्या उन्हाळ्यात या लोकांनी यरुशलेमेत धरणे धरले. ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेने ते सर्व बाबतींत इतरांसारखेच यहुदी आहेत असे ठरविले, आणि पुढे आदेशातून त्यांचे नाव गाळले गेले. समुद्रात गेलेली वही कोणालाच सापडली नव्हती.

शेजारचा मुलगा पुढच्या आठवड्यात तिसऱ्यांदा गावी जाणार आहे. या खेपेस कुळाच्या भाटाची वही पाहायची आहे म्हणतो. भाट म्हातारा आहे, वही वाळवीने थोडी खाल्लेली आहे, असा निरोप आला आहे.