मागच्या टायरचा सौदा

एकाच ताग्यातून शेरवानी आणि रोजचा पायजमा शिवा, असे सांगणारा दुकानदार आमच्या कापडधंद्यात टिकत नाही. टायरवाले मात्र 'रस्त्यालाही चालेल, ड्रॅग रेसलाही चालेल' म्हणून महागडी जोडी व्यापाऱ्यांच्या मुलांच्या गळ्यात मारतात.

आधी पाहावे, गाडीला ओढ कोणत्या चाकांची? आपल्याकडच्या बहुतेक लहान मोटारी पुढच्या चाकांवर चालतात. त्यांना मागे रुंद टायर लावणे म्हणजे निव्वळ शोभा. ओढ मागच्या चाकांची असेल तर गोष्ट वेगळी. गाडी सुटताना वजन मागे जाते, तिथे मऊ रबर जमीन धरते. पण हेच रबर लवकर झिजते, त्याच्या खाचा उथळ, पावसाचे पाणी बाहेर पडत नाही. जुलैत भिवंडीच्या रस्त्यावर अशी गाडी मागून घसरली तर जीव जाईल.

आमचे मत असे, की रोजच्या गाडीला रस्त्याचेच चांगले रेडियल घ्यावे. घेताना बाजूवरचे चार आकडे वाचावेत. 2324 म्हणजे 2024 सालचा 23 वा आठवडा. जुना माल सवलतीत खपवतात. शर्यतीची जोडी वेगळ्या रिमवर ठेवून धावपट्टीवरच चढवावी (सार्वजनिक रस्त्यावर शर्यत हा गुन्हाच आहे). रिमचा खर्च टोचतो खरा, पण मऊ रबर रोज झिजवणे त्याहून महाग. रस्त्याच्याच टायरवर धावायचे आणि त्यासाठी हवा कमी केली, तर परतण्याआधी ती पुन्हा भरून घ्यावी.